वायर काढायची नाही

आठवडाभर आईचा आवाज दबका येत होता, तोंडावर पदर धरून बोलावं तसा. मी आधी इअरफोनला शिव्या दिल्या, मग रेंजला आणि शेवटी, माझ्या स्वभावाप्रमाणे, आईलाच. "जरा तोंड उघडून बोल ना गं," म्हटलं, तर म्हणाली, "उघडंच हाय. तू तुझा कान तपास."

मी पंचवटीत राहते आणि घरीच ब्लाउज शिवते. सोमनाथ, म्हणजे माझा नवरा, सकाळी सातपूरला कंपनीत गेला की मी मशीनवर बसते, कानात इअरफोन घालते आणि आईला फोन लावते. तो मग दिवसभर चालूच असतो. बोलणं फार होत नाही. ती तिकडे निफाडच्या बाजूला आमच्या मळ्यात एकटी, मी इकडे. तिची भांडी, तिच्या कोंबड्या, गाईला घातलेल्या शिव्या, सगळं माझ्या कानात पडत राहतं. तिचा खोकला कोरडा आहे की ओला, ते मला इथे मशीनवर बसून कळतं. माप द्यायला आलेल्या बायकांना वाटतं, मी गाणी ऐकते. मीही वाटू देते.

मध्येच कधी फोन आपोआप कटतो, मी परत लावते. तिच्या फोनला मी अशी सेटिंग करून ठेवली होती की रिंग वाजली की तो आपला आपण उचलला जायचा आणि स्पीकरवर जायचा. आईला बोटसुद्धा लावायला लागायचं नाही.

हा सगळा उपद्व्याप एका पडण्यामुळे झाला. गेल्या वर्षी आई गोठ्यात पाय घसरून पडली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच पडून राहिली. शेजारच्या मळ्यातले रावजीकाका सहज म्हणून आले, तेव्हा त्यांना दिसली. माझा भाऊ वाल्मीक, आम्ही त्याला दादा म्हणतो, पुण्याहून धावत आला आणि म्हणाला, बास झालं, आता माझ्याकडे चल. आई त्याच्याकडे आधी एकदा महिनाभर राहून आली होती. "तिथं दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार दिसतं," एवढंच ती म्हणाली, आणि खाटेचा खूर धरून बसली. ते मला बघवलं नाही. मी दादाला म्हटलं, मी बघते तिच्याकडे, दिवसभर कान लावून बसते, पण तिला तिच्या घरात राहू दे. दादा कबूल झाला, पण त्याने अट घातली. परत काही झालं, किंवा तुझा तो फोनचा कारभार बंद पडला, की मी येऊन घेऊन जाणार.

फोन कुठला, तर माझा जुना. घरात नवा आला की जुना आईबापाकडे जातो, तशी आपल्याकडे पद्धतच आहे. त्याची बॅटरी मी दिला तेव्हाच दमलेली होती. चार्जर काढला की लगेच मान टाकायचा. म्हणून तो कायम चार्जिंगला लावलेला. रेंज फक्त पडवीत येते, तर पडवीतल्या खिडकीखाली रिकाम्या बारदानाच्या थप्पीवर तो ठेवला, आणि बोर्डातून वायर ओढून त्याला जोडून दिली.

आणि आईला काय सवय, तर काम झालं की प्रत्येक वायर उपटून ठेवायची. मीटर फिरतं, वीज पडते, उंदीर लागतो, तिच्याकडे कारणं भरपूर. सुरुवातीला दोनदा तिने फोनचीही वायर काढली. दोन्ही वेळा फोन बंद, आणि रावजीकाका बिचारे शेतातलं काम टाकून तिच्याकडे पळालेले. दुसऱ्या वेळी माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "परत वायर काढलीस ना आई, तर मी स्वतः दादाला सांगेन, घेऊन जा हिला म्हणून."

त्यानंतर तिने त्या वायरला कधी हात लावला नाही. मी अधूनमधून मुद्दाम विचारायचे, "वायर काढलीस काय गं?" आणि ती घाईघाईने सांगायची, "हातसुदा लावला नाय, तुझ्या गळ्याची आण." माझ्या रागाने एक काम तरी मार्गी लागलं, असं मला त्या वेळी वाटत होतं.

तर आवाज दबका येत होता, आणि माझ्याही फोनची बॅटरी बघता बघता उतरत होती, म्हणून त्या दिवशी सकाळचं शिवण बाजूला ठेवून मी पंचवटी कारंजाजवळ हुजैफाच्या मोबाईलच्या दुकानात गेले. कानात आई होतीच. ती गाईला पाणी पाजत होती. वस्तीवरचे सगळे गावात दशक्रियेला गेलेत, नदीवर प्रवचन आहे, मला म्हातारीलाही चल म्हणत होते पण मी नाही गेले, असं तिने सकाळीच सांगितलं होतं.

हुजैफाच्या दुकानात गर्दी होती. एका कॉलेजच्या पोरीला तो स्क्रीनगार्ड लावून देत होता आणि त्याच वेळी तिच्या आईला नवा फोन घ्यायला पटवत होता. बोलका माणूस. माझा नंबर आला तेव्हा त्याने मला आईचा चालू फोन कट करायला लावला, स्वतःच्या फोनवरून मला फोन केला, दुकानाबाहेर जाऊन बोलला आणि परत आला.

"ताई, तुमचा फोन एकदम क्लिअर आहे. लोचा समोरच्या फोनमध्ये आहे. त्याच्या माईकवर काहीतरी बसलंय बघा." मग तो सेटिंगमध्ये कुठे कुठे शिरला. "बॅटरी मात्र तुमची गेली. पन्नास दाखवेल आणि एकदम बंद पडेल. चार्जिंगला लावून बोलता ना तासन् तास?"

"मी काय, समोरचा तर कायमच लावलेला असतो," मी म्हटलं आणि आईला परत फोन लावला.

"कायम म्हणजे रात्रभर?"

"कायम म्हणजे कायम. वर्ष होत आलं."

हुजैफाने काउंटरखालून एक वाळूने भरलेला डबा काढला. त्यात एक बॅटरी होती, पण बॅटरीसारखी दिसत नव्हती. तव्यावरच्या फुलक्यासारखी टम्म फुगलेली. "अशी होते मग. आतमध्ये गॅस धरतो. फोनची पाठ उचलली जाते. अशा वेळी तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही, नाहीतर भडकते. तुम्ही सांगा, तो फोन घेऊन या, स्वस्तात टाकून देतो नवीन."

मला वाटलं, हा बॅटरी खपवतोय. तरी म्हटलं विचारावं. मी इअरफोनचा माईक तोंडाजवळ धरला. "आई, फोनची पाठ कशी हाय गं? सपाट हाय का फुगलीय?"

"चांगला हाय फोन. त्याला काय धाड भरलीय."

"बघून सांग."

"बघितलं."

उठताना आईचा गुडघा धरतो आणि ती दर वेळी "आगं आई" म्हणते. वर्षभर मी ते ऐकत आलेय. ती म्हणाली नव्हती. म्हणजे गाईला पाणी पाजून ती खाटेवर टेकली होती, ती उठलीच नव्हती आणि मला सरळ खोटं सांगत होती.

"आई, खरं सांग. मी रागावणार नाही."

"रागावशीलच तू."

"नाही रागवत. सांग."

"मागच्या आठवड्यात जरा वर आला होता," ती हळूच म्हणाली. "पाठीमागून. मधी फट पडली होती, बोट जाईल एवढी. पण म्या बसवला त्याला."

"बसवला म्हणजे?"

"फडक्यात गुंडाळला अन् वर वरवंटा ठेवला. आता वर येत नाय. काम चांगलं करतो ना तो? तुला ऐकू येतं ना?"

मी इअरफोन ओढून काढला आणि आईला स्पीकरवर घेतलं. तो दबका आवाज. मी आठवडाभर ज्याला रेंज म्हणत होते, तो फडकं आणि दगडाखालून येत होता. हुजैफाने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "गरम आहे का विचारा."

"आई, तो गरम लागतो का?"

"सकाळपासून जरा जास्तीच लागू राहिला. म्या ते फडकं वलं केलं मघाशी."

"वायर काढा म्हणावं," हुजैफा म्हणाला. "बोर्डाचं बटण बंद करून मग वायर काढा, आणि लांब जा म्हणावं. दगडाला हात लावू नका."

"आई, ऐक. बोर्डाचं बटण बंद कर आणि वायर काढ. आत्ताच्या आत्ता."

"नाय," आई म्हणाली.

मला वाटलं, तिला नीट ऐकू गेलं नाही. मी परत सांगितलं. ती परत म्हणाली, "नाय काढायची. मला म्हाईत हाय, तू बघू राहिली मी काढते का."

"अगं परीक्षा नाही घेत. खरंच काढायचीय."

"तूच म्हणाली होती, वायर काढायची नाय. कोणीबी सांगितलं तरी नाय."

"मीच सांगतेय ना आता."

"मागं पण तूच विचारायची, वायर काढली काय म्हणून. अशीच, गोड आवाजात."

दुकानात उभी असलेली माणसं माझ्याकडे बघायला लागली होती. बारदान. माझ्या डोळ्यांसमोर ते बारदान आलं. वाळलेलं, वर्षानुवर्षं साठवलेलं, आणि त्याला लागून कडब्याच्या पेंढ्या. ती जागा मीच निवडली होती. रेंजसाठी.

"आई, तो फोन पेटेल. समजतंय का तुला? बारदान पेटेल, घर पेटेल. तू बाहेर तरी हो."

"अन् फोन बंद पडला तर?"

"पडू दे."

"मग दादा यायचा ना न्यायला," ती म्हणाली. "तुमचं ठरलंय ना तसं."

दादाची ती अट मी तिला कधी सांगितली नव्हती. "तुला कोण म्हणालं?"

"कोण म्हणायला कशाला पाहिजे. फोन चालूच असतो. तुझं मशीन ऐकू येतं, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. सोमनाथ घरी आला की तू काय काय बोलते तेबी येतं." मग ती म्हणाली, "दिवाळीच्या आधी तू त्याला म्हणत होती, हा फोन एकदाचा गेला की मी सुटले."

मला ते वाक्य आठवलं. फराळाचं करायचं होतं, दहा बायकांचे ब्लाउज अंगावर होते, आणि दुपारी तीनदा फोन कटला होता. मी चिडून बोलले होते, आणि त्या वेळी इअरफोन काढून फोन मशीनवर ठेवलेला होता. मी तिचं घर ऐकते, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती माझं घर ऐकते, हे वर्षभरात एकदाही माझ्या मनात आलं नाही. आणि तेव्हापासून ती त्या फोनला जपत होती. गेला तर तेजू, म्हणजे मी, सुटेल आणि आपण अडकू, म्हणून.

"मी रागात बोलले गं."

"रागात बोलली म्हंजे मनातलंच बोलली ना."

यावर मी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. पण हुजैफा खुणा करत होता, घाई करा, घाई करा, आणि तेवढ्यात आई म्हणाली, "कसला तरी वास येऊ राहिला. गोड गोड."

हुजैफाचा चेहरा उतरला. "ताई, लवकर."

"आई, वायर काढ."

"काढली की तू दादाला सांगशील."

"हो, सांगेन," मी ओरडले. अख्ख्या दुकानात ओरडले. "सांगेन, घेऊन जा म्हणेन, आजच्या आज ये म्हणेन. जा पुण्याला. पण आधी ती वायर काढ."

पलीकडे खाट करकरली.

"बरं," आई म्हणाली. मग "आगं आई" म्हणत उठली. पावलं ऐकू आली. मग बारदानावर दगड घासल्याचा आवाज आला, आणि मी किंचाळले, दगडाला हात लावू नको, पण ती म्हणत होती, "थांब, वायर याच्याखाली दबलीय," आणि मग म्हणाली, "अगं बाई, ह्यो तर..."

आणि फोन कटला.

मी परत लावला. बंद. परत लावला. बंद. हुजैफा म्हणाला, "ताई, वायर काढली की तो बंदच पडणार. बंद पडलाय म्हणजे काढली असेल."

"असेल?"

स्वतःचा फोन त्याने माझ्या हातात दिला. मी रावजीकाकांचा नंबर लावला. रिंग पूर्ण वाजली, कोणी उचलला नाही. परत लावला, तेच. दशक्रियेला प्रवचन चालू असतं तेव्हा माणसं फोन सायलेंटला टाकून खिशात ठेवतात. आपण एरवी त्यालाच संस्कार म्हणतो, आणि मी त्या क्षणी सगळ्या गावाला मनात नाही नाही ते बोलले. हुजैफा म्हणाला, मी लावत राहतो, तुम्ही निघा. मी स्कूटीला किक मारली.

नांदूर नाक्यावर ट्रकची रांग होती. मी तिच्या कडेकडेने मातीतून गाडी काढली. एक ट्रकवाला खाली वाकून काहीतरी बोलला, मी त्याच्याकडे बघितलंही नाही. सारखी तीच तीन वाक्यं डोक्यात फिरत होती. सांगेन. घेऊन जा म्हणेन. आजच्या आज ये म्हणेन. आईशी आपलं शेवटचं बोलणं हे असलं, तर मग काय करायचं, असा विचार आला आणि मी गाडी आणखी पळवली. इतकी की हँडल थरथरायला लागलं.

ओढा गावाच्या पुढे थांबून मी रावजीकाकांना लावायला फोन काढला. निम्मी बॅटरी दाखवत होता. रिंग वाजली, दुसरी वाजली, आणि पलीकडून कोणीतरी "हा" म्हणाल्यासारखं झालं आणि माझ्या हातातला फोन काळा पडला. बटण दाबून धरलं, काही नाही. मी तो रस्त्यावर आपटणारच होते, पण आपटून काय होणार होतं. पर्समध्ये टाकला आणि निघाले.

चांदोरी मागे टाकली तेव्हा लांबवर, आमच्या मळ्याच्या दिशेला, धूर दिसला. काळा नाही, पांढुरका, पण जाडजूड. गाडी कशी चालवत होते मला सांगता येणार नाही. फाट्यावरून आत वळले तेव्हा कळलं, कोणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं. मधल्या एका शेतात दोन माणसं काठ्या घेऊन निवांत उभी होती. त्यांनी मला हात केला. मी रडत होते, आणि त्यांना वाटलं असणार, दशक्रियेला उशीर झालेली कोणी नातेवाईक आहे.

आमचं घर दिसलं. उभं होतं. छप्पर होतं, भिंती होत्या. मी गाडी तशीच आडवी टाकली.

पडवीतली खिडकीखालची भिंत हातभर काळी झाली होती. बारदानाची थप्पी अर्धी अंगणात ओढलेली, तिच्यावर पाणी ओतलेलं, तरी तिला धुरकट वास येत होता. वरवंटा दारात पडला होता. आणि अंगणाच्या मधोमध मातीचा एक ढीग होता, त्यातून वायर बाहेर आली होती, शेवटाला चार्जर. आईने तो फोन वायरीने फरफटत, वासराला दाव्याने ओढावं तसा, बाहेर नेला होता आणि वर माती लोटली होती. मी हाका मारल्या. घराला बाहेरून कुलूप होतं.

कुलूप बघून माझा जीव आणखीच घाबरा झाला. भर दिवसा आई घराला कुलूप लावत नाही. मी घराला वळसा घालून मागे गेले, विहिरीत वाकून बघितलं, आणि मग गोठ्याकडून गाईच्या घंटेचा आवाज आला.

आई गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती. अंगावर लग्नाकार्याला नेसते ते हिरवं लुगडं, केस नीट बांधलेले. उजव्या तळहातावर पांढरीशुभ्र टूथपेस्ट थापलेली. बाजूला प्रवासाची पिशवी, चेन लावलेली.

"आलीस?" ती म्हणाली. "दादा कधी यायचाय?"

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले.

"वायर म्या काढली. पण त्याच्या आधीच धूर सुटला होता, लय घाण वास. बारदानाला लागलं थोडं, हंडाभर पाणी ओतलं. घराला काय झालं नाय." ती मला हिशेब दिल्यासारखं सांगत होती. "गाईचं वस्तीवरच्या भागीबाईला सांगायचं राहिलं. दशक्रियेहून आली की सांगते. डाव्या अंगाला बसलं की लाथ मारती, एवढं सांगावं लागंल. कोंबड्या कोणबी नेईल."

"हात दाखव."

"थोडंच भाजलं. दादाच्या बायकोकडं मलम असंल."

"आई, कुठे जायचं नाही," मी म्हटलं. "कुठेच जायचं नाही तुला. मी चुकले. घाबरले होते आणि घाबरले की मला राग येतो, आणि रागात मी काहीही बोलते. तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?" असं म्हणताना माझा बांध फुटला आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले. तिने डावा हात माझ्या पाठीवर ठेवला. उजवा पेस्ट लागू नये म्हणून वर धरून ठेवला होता.

"दादाला मी सगळं खरं सांगणार," मी नंतर म्हटलं. "आणि तू इथेच राहणार हेही मीच सांगणार. फोन बिन काही नको. मी रोज येईन. नाहीतर इथेच मशीन आणून बसेन."

"रोज कशी येशील. तुझं घर हाय, सोमनाथ हाय."

"ते मी बघते."

"व्हय," ती म्हणाली, पण हो म्हणाल्यासारखं म्हणाली नाही. माझ्या तोंडाकडे ती बघत राहिली. दूध नासलंय का हे बघायला बाई पातेल्यात बघते, तशी.

तिच्या कमरेची किल्ली घेऊन मी घर उघडलं. तिला आत आणून खाटेवर बसवलं, हात पाण्याने धुतला, फोड आले होते ते बघितले. संध्याकाळी डॉक्टरकडे नेते म्हटलं. रावजीकाका तोवर धापा टाकत आले, हुजैफाने शेवटी त्यांना गाठलं होतं. मातीचा ढीग बघून ते नुसतेच कपाळाला हात लावून उभे राहिले. त्यांना पाणी दिलं, आईने त्यांना दशक्रियेला किती माणूस होतं ते विचारलं, आणि ते भागीबाईला पाठवून देतो म्हणून परत गेले.

मग मी पिशवी खाटेवर घेतली आणि चेन उघडली. दोन लुगडी, आधार कार्ड, गुडघ्याच्या गोळ्या, वडिलांचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळलेला. एवढंच. दुपारी, आग विझवून, भाजल्या हाताने, तिने ते घडी घालून भरलं होतं. मी वरचं लुगडं काढून कपाटात ठेवायला उठले, तर आईने डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"राहू दे भरलेली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. "दोनचार दिस राहू दे, तेजू. तुझा राग जातो, अन् परत येतो."

मी लुगडं परत पिशवीत ठेवलं, चेन लावली आणि ती तिच्या उशाशी, तिच्या हाताला लागेल अशी ठेवली.